मंगळावरची लढाई लिहिण्याआधी तिचं पंचांग मांडा

दिवाळी अंकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या विज्ञानकथांचे कच्चे खर्डे माझ्याकडे वाचायला येतात, आणि मीही अशा कथा लिहिते. पृथ्वीविरुद्ध मंगळावरची वसाहत हा नव्या लेखकांचा लाडका विषय. बहुतेक खर्ड्यांत पहिल्या पानावर बंड होतं, दुसऱ्या पानावर पृथ्वीचं आरमार निघतं आणि तिसऱ्या पानावर ते मंगळाच्या आकाशात येऊन धडकतं. मधले महिने कुठे गेले, इंधन किती लागलं, पृथ्वीवर बसलेला सेनापती तिकडच्या कप्तानाशी तोंडातोंडी कसा बोलतो, हे कुणी विचारत नाही.

निव्वळ कल्पनारम्य युद्ध लिहायचं असेल तर खुशाल लिहा, त्याचीही एक मजा असते. पण कथा वास्तवाला धरून हवी असेल तर खालच्या क्रमाने जा. हा क्रम पाळला की अर्धं कथानक आपोआप सुचतं. कुठली घटना कधी घडू शकते हे ग्रहांच्या जागा आणि टाकीतलं इंधन ठरवतात, आणि त्या चौकटीत माणसं अडकली की नाट्य तयार होतं.

बसण्याआधी जवळ काय हवं

- एक्सेल किंवा गुगल शीट. सूत्रं चार-पाचच लागतात, बारावीचं भौतिकशास्त्र पुरतं.
- नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेची ‘होरायझन्स’ ही मोफत ऑनलाइन सेवा. कुठल्याही तारखेला कुठला ग्रह कुठे असेल ते ती सांगते.
- जमल्यास ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ हा संगणकावरचा खेळ. तो विकत घ्यावा लागतो आणि त्यातले ग्रह काल्पनिक आहेत, पण कक्षेत ‘पुढे जायचं तर वेग कमी करा’ असलं उलटं शास्त्र अंगवळणी पडायला याच्यासारखं दुसरं साधन नाही.
- तारखांसाठी एक वेगळी वही. पात्रांची नावं त्यात इतक्यात लिहू नका.

१. आधी तारीख ठरवा, मग बंड करा

पृथ्वी आणि मंगळ यांच्यातलं अंतर साडेपाच कोटी किलोमीटरपासून चाळीस कोटी किलोमीटरपर्यंत बदलत राहतं. कमीत कमी इंधनात जायचं तर निघण्याची संधी साधारण ७८० दिवसांतून एकदा, म्हणजे सव्वीस महिन्यांनी येते. ती काही आठवडे उघडी राहते आणि प्रवासाला सात ते साडेआठ महिने लागतात.

याचा धडधडीत पुरावा २०२० सालचा आहे. अमिरातींचं होप, चीनचं थ्येनवेन-१ आणि अमेरिकेचं पर्सिव्हिअरन्स ही तिन्ही यानं त्या जुलैच्या उत्तरार्धात निघाली आणि तिन्ही फेब्रुवारी २०२१ मध्ये पोचली. तीन देशांनी काही ठरवून केलं नव्हतं. दार तेव्हाच उघडं होतं.

आता हेच युद्धाच्या नजरेने बघा. आक्रमण कुठल्या महिन्यात होणार हे वसाहतीला कित्येक वर्षं आधी ठाऊक असतं. अचानक हल्ला ही कल्पना इथेच बाद होते. उलट बंड करणारा शहाणा असेल तर दार नुकतंच बंद झाल्यावर करेल. मग पृथ्वीला दोन वर्षं दात-ओठ खात बसावं लागेल आणि वसाहतीला तयारीसाठी तेवढाच वेळ मिळेल. अर्थात त्या दोन वर्षांत औषधं, सुटे भाग, बियाणं यातलं काहीही पृथ्वीवरून येणार नाही. दोन्ही बाजूंना लागू पडणारी अशी अट हातात असणं म्हणजे लेखकासाठी लॉटरीच.

भविष्यातली तारीख काढायची एक युक्ती आहे. मंगळ आणि पृथ्वी यांच्या जागांचं चक्र ७९ वर्षांनी जवळजवळ तसंच्या तसं परत येतं. १५ सप्टेंबर २०३५ ला मंगळ प्रतियुतीत असेल, म्हणजे सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला आणि आपल्या बराच जवळ. त्यात ७९ मिळवले की सप्टेंबर २११४ चा उत्तरार्ध येतो. निघायची संधी प्रतियुतीच्या दोन-तीन महिने आधी असते. त्यावरून वहीत असं लिहिता येईल:

- जून-जुलै २११४: पृथ्वीची यानं निघतात.
- जानेवारी-फेब्रुवारी २११५: मंगळापाशी पोचतात. लढाई झालीच तर ती आता.
- सप्टेंबर-ऑक्टोबर २११५: मंगळ सूर्याआड जातो. सुमारे दोन आठवडे पृथ्वीशी संपर्क धड राहत नाही.
- एप्रिल २११६ च्या आसपास: परत फिरायची पहिली स्वस्त संधी.

या चार ओळींत काय दडलंय बघा. हल्लेखोर फौज जिंकली काय आणि हरली काय, सव्वा वर्ष तिला तिथेच राहायचंय. ज्यांच्यावर चाल करून आले त्यांच्याच हवेवर आणि पाण्यावर. मधल्या दोन आठवड्यांत तर घरून हुकूमही येत नाहीत. माझ्या मते या विषयावरची चांगली कथा फेब्रुवारीतल्या लढाईवर कमी आणि ऑक्टोबरातल्या शांततेवर जास्त असेल. सूर्याआडचा अडथळा टाळायला कुणी बाजूला एखादा संदेशवाहक उपग्रह ठेवलेला असू शकतो, पण मग पहिला घाव त्यावरच पडणार.

२. इंधनाचा हिशेब मांडा

यानाने आपल्या वेगात एकूण किती बदल करता येईल त्याला डेल्टा-व्ही म्हणतात. अवकाशात अंतरापेक्षा हाच आकडा महत्त्वाचा. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्कीने १९०३ मध्ये मांडलेलं समीकरण वापरा: इंधनासकट वजन भागिले रिकामं वजन, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम, गुणिले इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग.

पृथ्वीच्या खालच्या कक्षेतून मंगळाकडे निघायला सेकंदाला सुमारे ३.६ किलोमीटरचा वेगबदल लागतो. तिथे पोचून इंजिनाच्या जोरावर मंगळाच्या खालच्या कक्षेत बसायला आणखी दोनच्या जरा वर. एकूण ५.७ धरा. हायड्रोजन-ऑक्सिजन इंजिनाचा वायुवेग ४.५ च्या आसपास असतो. म्हणजे रिकाम्या यानाच्या दर एका टनामागे निघताना एकूण वजन साडेतीन टन. हे झेपण्यासारखं आहे.

आता परतीचं इंधनही बरोबर न्यायचं म्हणा. वेगबदल दुप्पट, ११.४. वजनाचं गुणोत्तर मात्र दुप्पट होत नाही, ते साडेबारावर जातं! यानाचं बहुतेक वजन इंधनच. अणुभट्टीने हायड्रोजन तापवून सोडणारं इंजिन घेतलं, ज्याच्या चाचण्या अमेरिकेने १९७२ पर्यंत जमिनीवर केल्या होत्या, तर वायुवेग नऊच्या घरात जातो आणि जाऊन-येऊन गुणोत्तर पुन्हा साडेतीनवर येतं. मंगळाच्या विरळ हवेत घासून वेग मारला तर आणखी वाचतं, फक्त तेव्हा यान ठरलेल्या चिंचोळ्या वाटेनेच यायला हवं आणि ती वाट खाली बसलेल्यांनाही काढता येते.

विजेने भारित कण मागे फेकणाऱ्या आयन इंजिनाचा मोह टाळा. त्याचा वायुवेग ३० च्या आसपास असतो, पण लघुग्रहांकडे गेलेल्या डॉन यानावरच्या अशा इंजिनाचा जोर ०.०९ न्यूटन होता, तळहातावरच्या एक-दोन कागदांच्या वजनाइतका. मालवाहतुकीला उत्तम, गोळी चुकवायला निरुपयोगी.

आपल्याच मंगळयानाचे आकडे टेबलावर लावून ठेवावेत असे आहेत. उड्डाण ५ नोव्हेंबर २०१३, वजन १,३३७ किलो, त्यातलं ८५२ किलो इंधन.

परतीचं इंधन न्यायचं नसेल तर ते मंगळावर बनवायचं. तिथल्या हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर, जमिनीत बर्फ आहे, दोन्हींपासून मिथेन आणि ऑक्सिजन होतं. मग इंधनाचा तो कारखाना म्हणजे युद्धातलं सगळ्यांत मोलाचं ठिकाण. हल्लेखोर त्याला बोट लावू शकत नाहीत, कारण घरी जायची वाट तिथून निघते. आणि वसाहतीतल्या एखाद्या शिफ्ट इंजिनिअरच्या हातात तो उडवून द्यायचं बटण आहे. सेनापतीपेक्षा या इंजिनिअरची गोष्ट मला जास्त वाचावीशी वाटेल.

ज्यांनी पानिपतावर चार पुस्तकं वाचली आहेत त्यांना हे नवं नाही. १७६० च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत छावणीची रसद तुटत गेली, आणि शेवटच्या दिवशी उपाशी सैन्य बाहेर पडलं ते लढून मोकळं व्हायलाच. तुमच्या कथेतल्या आरमाराची रसद कुणाच्या हातात आहे ते पहिल्या पानाआधी ठरवा.

३. संवादाला उशीर लावा

प्रकाशाला पृथ्वीवरून मंगळावर जायला तीन ते बावीस मिनिटं लागतात, आणि रेडिओ संदेश प्रकाशाच्याच वेगाने जातो. पर्सिव्हिअरन्स उतरलं त्या दिवशी हा उशीर अकरा मिनिटांच्या वर होता. आपल्या वेळापत्रकातही पोचायच्या सुमारास तो तसाच असेल. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायला वीस-बावीस मिनिटं.

तेव्हा “कप्तान, मागे फिरा!” “नाही साहेब, आता उशीर झालाय!” असा संवाद पृथ्वी आणि मंगळ यांच्यात होत नाही. एकेरी निरोप जातात. लोक लांबलचक बोलतात, संभाव्य प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन ठेवतात, दोन निरोप वाटेत एकमेकांना ओलांडतात. पत्रांतून चालणारी कादंबरी आठवा, तिचं तंत्र इथे कामाला येईल. पेशव्यांच्या दफ्तरातली पत्रंही वाचा. दूरवरच्या सरदाराला हुकूम देताना ‘प्रसंग पाहून करावे’ अशी मोकळीक कशी ठेवली जाई, ते त्यांत दिसतं.

४. लपाछपी जवळजवळ विसरा

अवकाशाची पार्श्वभूमी उणे २७० अंश सेल्सिअस. माणसं असलेलं यान आतून वीस-पंचवीस अंशांवर. म्हणजे त्यातून सतत अवरक्त किरण बाहेर पडणार, आणि इंजिन पेटलं की ते कोट्यवधी किलोमीटरवरून दिसणार. जेम्स वेब दुर्बिणीला आपली उपकरणं सूर्याच्या उष्णतेपासून थंड ठेवायला २१ बाय १४ मीटरचा पाचपदरी पडदा लागतो, आणि तो एकाच बाजूची उष्णता अडवतो.

म्हणून ‘शत्रूचं आरमार अचानक पडद्यावर दिसू लागलं’ हे वाक्य खोडा. ते आठ महिने दिसतच असतं. ‘अवकाशात काहीच लपत नाही’ असं ठासून सांगणारे लोक मात्र मला थोडे अतिउत्साही वाटतात. हेतू लपवता येतो. त्या डब्यात धान्य आहे की क्षेपणास्त्रं, हे उष्णतेवरून कळत नाही. नकली यानं सोडता येतात. ग्रहाच्या आड थांबता येतं. इंजिन बंद असलेली, थंड, लहानशी वस्तू शोधायला आकाशाचा नेमका तुकडा नेमक्या वेळी बघावा लागतो. रहस्य हवंच असेल तर ते या फटींमध्ये ठेवा.

५. शस्त्रं निवडा, पण वेगापासून सुरुवात करा

सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एक किलोच्या दगडात एक किलो टीएनटी या स्फोटकापेक्षा थोडी जास्तच ऊर्जा असते. सहा किलोमीटरला ती चौपट. म्हणजे अवकाशात बॉम्बमध्ये दारू भरायची फारशी गरजच नाही. वाटेत खिळे पसरले तरी पुरे. १० फेब्रुवारी २००९ रोजी इरिडियम-३३ आणि बंद पडलेला कॉसमॉस-२२५१ हे उपग्रह सेकंदाला अकरा किलोमीटरहून अधिक वेगाने एकमेकांवर आदळले आणि दोघांचा चुराडा झाला. स्फोटक कुणाकडेच नव्हतं.

*दगडफेक.* लघुग्रह वळवून पृथ्वीवर पाडायचा, हा खर्ड्यांमधला आवडता शेवट. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने डायमॉर्फसवर, म्हणजे एका लघुग्रहाच्या चंद्रावर, आपटलं, त्याने त्या छोट्या चंद्राची प्रदक्षिणा सुमारे अर्ध्या तासाने कमी झाली. करता येतं हे खरं, पण दगड यायला महिने-वर्षं लागतात, सगळे तो बघत असतात आणि वाटेत त्याला पुन्हा ढकलू शकतात. शिवाय पृथ्वीला जाड हवेचं कवच आहे. २०१३ साली रशियात चेल्याबिन्स्कवर आलेला वीसेक मीटरचा दगड तीस किलोमीटर उंचीवरच फुटला, माणसं जखमी झाली ती बहुतेक खिडक्यांच्या काचांनी. मंगळाच्या हवेचा दाब आपल्या एक टक्काही नाही, तिथे तसला दगड बराचसा शाबूत खाली येईल. दगडफेकीत काचेच्या घरात मंगळच राहतो, हे बंडखोरांच्या तोंडी असू द्या.

आघाताचं दृश्य लिहायचं असेल तर बुलढाणा जिल्ह्यात लोणारला जाऊन काठावर उभे राहा. पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचं ते विवर बसाल्ट खडकात आहे, आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बसाल्टचाच. अभ्यासक त्याकडे मंगळावरच्या विवरांचा नमुना म्हणून बघतात ते याचसाठी.

*लेझर.* लेझरचा झोत सरळ जातो पण पसरतो. एक मायक्रॉन तरंगलांबी आणि एक मीटरचा आरसा घेतला तर १,००० किलोमीटरवर ठिपका अडीच मीटरचा होतो. १०,००० किलोमीटरवर चोवीस मीटरचा. एक मेगावॉटचा लेझर असेल तर तिथे पोचणारी ऊर्जा मंगळावरच्या उन्हाच्या चौपटही भरत नाही. शत्रूला उन्हाची टोपी घालावी लागेल, बस्स.

आणि मागच्या उष्णतेचं काय? लेझरची कार्यक्षमता तीस टक्के धरली तर एक मेगावॉट प्रकाशामागे दोन मेगावॉटहून जास्त उष्णता यानातच राहते. निर्वातात ती फक्त किरणांनी बाहेर पडते. रेडिएटर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारे पत्र्याचे पंख, ७५-८० अंशांवर ठेवायचे तर दोन्ही बाजू धरूनही सुमारे १,४०० चौरस मीटरचे पंख लागतात. लाल होईपर्यंत, सातशे अंशांच्या वर तापू दिले तर वीस चौरस मीटर पुरतात, पण लेझरची इलेक्ट्रॉनिक्स त्या तापमानाला टिकत नाहीत. तेव्हा युद्धयानाचं वर्णन करताना तोफांच्या आधी हे पंख दाखवा. ते मोठे, नाजूक आणि पहिल्यांदा फुटणारे. ते मिटून घेतले की यान आतून शिजायला लागतं.

*अणुबॉम्ब.* निर्वातात धक्क्याची लाट नाही, अग्निगोल नाही. क्ष-किरणांनी जवळची यानं भाजतात, दूरची इलेक्ट्रॉनिक्स बिघडतात. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर चारशे किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा बॉम्ब उडवला, तेव्हा हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या हवाईत रस्त्यावरचे दिवे गेले आणि पुढच्या महिन्यांत अनेक उपग्रह निकामी झाले. त्यात स्वतःचेही होते.

*तोफा.* हसू नका. सोव्हिएत संघाच्या साल्यूत-३ स्थानकावर तोफ होती आणि १९७५ च्या जानेवारीत, माणसं नसताना, ती झाडूनही पाहिली.

६. लढाई किती मिनिटांची, ते मोजा

मंगळाजवळ येताना यानाचा वेग सेकंदाला साडेपाच-सहा किलोमीटर असतो. शस्त्राचा पल्ला १,००० किलोमीटर धरला तर थांबलेल्या लक्ष्यासमोरून जाताना पल्ल्यात शिरून बाहेर पडायला साडेपाच मिनिटं लागतात. आठ महिन्यांचा प्रवास आणि साडेपाच मिनिटांची लढाई. तीही संगणक लढणार. माणसांचं काम आधी नियम ठरवणं: कशावर मारायचं, कशावर नाही, कुणी शरण आलं तर काय.

फक्त वेगाने निघून जायचं नसेल तर ब्रेक मारावा लागतो, आणि आक्रमणातली सगळ्यांत दुबळी वेळ हीच. यान उलटं फिरतं, इंजिन पुढे करून ठरलेल्या जागी, ठरलेल्या सेकंदाला, ठरलेला वेळ पेटवतं. २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी मंगळयानाने हेच केलं. सुमारे चोवीस मिनिटांचं ज्वलन, त्यातला बराच भाग यान मंगळाच्या आड असताना. आज्ञा आधीच चढवून ठेवलेल्या, इंजिन जवळजवळ तीनशे दिवसांनी पहिल्यांदा एवढा वेळ पेटणार होतं आणि संदेशाला बारा मिनिटांचा उशीर. बंगळुरूच्या त्या खोलीतले चेहरे आपण टीव्हीवर पाहिलेत. आता त्याच चोवीस मिनिटांत कुणीतरी नेम धरून बसलंय अशी कल्पना करा. ज्वलन मधेच तोडलं तर यान मंगळाला ओलांडून सूर्याभोवतीच्या कक्षेत निघून जाईल आणि त्याला आणायला कुणी येणार नाही. कप्तानाला शरण जायला लावण्यासाठी इतकं पुरे.

बचाव करणाऱ्यांसाठी फोबॉसचा विचार करा. पृष्ठभागापासून सुमारे सहा हजार किलोमीटर वर, जवळपास बावीस किलोमीटरचा खडक. लेझरची उष्णता जिरवायला एवढा दगड आयता मिळतो, खाली खोदून बसताही येतं. तोटा असा की तो कुठे असणार हे पुढच्या शंभर वर्षांसाठी सगळ्यांना माहीत आहे. तो ७ तास ३९ मिनिटांत फेरी मारतो, मंगळाच्या दिवसापेक्षा कितीतरी लवकर, म्हणून जमिनीवरून पाहताना पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. वसाहतीतल्या मुलाच्या दृष्टीने हेच साहजिक, तेव्हा त्यावर त्याला आश्चर्य वाटू देऊ नका.

लढाईनंतरचा कचराही हिशेबात धरा. २००७ मध्ये चीनने ८६५ किलोमीटर उंचीवर आपलाच उपग्रह फोडला, त्याचे माग काढता येण्याजोगे तीन हजारांवर तुकडे झाले. २७ मार्च २०१९ च्या भारताच्या ‘मिशन शक्ती’त लक्ष्य मुद्दाम तीनशे किलोमीटरच्या आसपास ठेवलं होतं, म्हणजे हवेच्या घर्षणाने बहुतेक तुकडे लवकर खाली यावेत. मंगळाच्या वरच्या कक्षांत असं घर्षण नाही. जिंकलेली बाजू स्वतःच्याच कचऱ्याने वर्षानुवर्षं कोंडली जाऊ शकते.

७. वसाहतीच्या पोटात शिरा

इथे नवे लेखक एक काचेचा घुमट उभा करून मोकळे होतात. घुमट राहू द्या, आधी भांडार तपासा. एका माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो. हजार माणसांची वस्ती म्हणजे रोज ८४० किलो. पर्सिव्हिअरन्सवरच्या मॉक्सी यंत्राने मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन बनवून दाखवला, त्याची सगळ्या खेपांची मिळून बेरीज १२२ ग्रॅम आहे. मधली दरी तुमच्या वसाहतीने कशी भरली? यंत्रं किती, वीज कुठून, सुटे भाग कोण बनवतं?

विजेचा प्रश्न अवघड. मंगळावर ऊन पृथ्वीच्या ४३ टक्के, आणि २०१८ च्या धूळवादळाने जवळपास सगळा ग्रह झाकला तेव्हा सौरऊर्जेवर चालणाऱ्या ऑपॉर्च्युनिटी रोव्हरशी १० जूनला शेवटचा संपर्क झाला. वेढा आणि धूळवादळ एकत्र आले तर एक गोळीही न झाडता वसाहत पडते. अणुभट्टी असेल तर ती दूर, मातीत पुरलेली आणि तिची तार कुठून जाते हे थोड्याच लोकांना ठाऊक. इथे फितुरीला जागा आहे.

८. भोकं, आवाज आणि जखमा

हे थोडक्यात, कारण लोकांना आता माहीत असतं. निर्वातात आवाज नाही, पण यानाच्या सांगाड्यातून तो येतो. पलीकडच्या कप्प्यातला आघात पायांना कळेल. माणूस निर्वातात फुटत नाही, शुद्ध मात्र दहा-पंधरा सेकंदांत हरपते. छोट्या भोकाने यान फाटत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये अंतराळस्थानकाला जोडलेल्या सोयूझ यानात दोन मिलिमीटरचं भोक सापडलं. दाब कमी होतोय हे जमिनीवर लक्षात आलं तेव्हा अंतराळवीर झोपले होते, आणि त्यांना झोपू दिलं गेलं.

९. कायद्याची एक नजर

१९६७ चा बाह्य अवकाश करार अण्वस्त्रं आणि सामूहिक संहाराची शस्त्रं कक्षेत ठेवायला बंदी करतो, आणि चंद्र किंवा इतर ग्रहांवर लष्करी तळ, शस्त्रचाचण्या यांना. साध्या तोफेला किंवा लेझरला कक्षेत तशी बंदी नाही. तुमच्या कथेत हा करार मोडला गेला असेल तर तो कुणी आणि कुठल्या बहाण्याने मोडला, त्यासाठी एक परिच्छेद द्या. वसाहतीतली ‘संकटनिवारण तुकडी’ हळूहळू सैन्य कशी होते, हे दाखवायला करारातला हाच भेद उपयोगी पडतो.

१०. आता पात्रं आणा

वही उघडा. प्रत्येक तारखेसमोर लिहा: या दिवशी कुणाला काय माहीत आहे, आणि कुठला निर्णय यानंतर फिरवता येणार नाही. ज्या तारखेसमोर दोन्ही रकाने भरतील तिथे प्रसंग लिहा, बाकीच्या तारखा एका ओळीत उरका. तीन-चार हजार शब्दांच्या कथेत असे प्रसंग तीनच मावतात, कधीकधी दोन.

आकडे कथेत ओतू नका. हिशेब तुमच्या शीटमध्ये राहू दे. वाचकाला फक्त ‘परतीचं इंधन खाली आहे’ एवढं कळलं तरी चालतं. मराठी माणूस कप्तान केला की कथा मराठी होते असंही नाही. नाव देशमुख ठेवून त्याला इंग्रजी सिनेमातल्यासारखं बोलायला लावलेले खर्डे मी पुष्कळ पाहते. रात्रपाळीतल्या दोन सहकाऱ्यांना एकमेकांशी बोलू द्या, “अहो, तो तीन नंबरचा पंप परत कुरकुरतोय” असं.

खर्डा झाल्यावर दोघांना वाचायला द्या. एक भौतिकशास्त्र शिकवणारे, दुसरे विज्ञानकथा अजिबात न वाचणारे. पहिल्यांना फक्त तारखा आणि वेग तपासायला सांगा, कथेबद्दल मत विचारू नका. दुसऱ्यांना विचारा की कंटाळा कुठल्या पानावर आला. बहुतेक वेळा ते पान तेच निघतं जिथे तुम्ही लेझरचा हिशेब समजावत होतात. तो काढा, पण शीट पुसू नका. संपादकांचा फोन येतो तेव्हा ती लागते.